संघाचे धनी आणि पळवणकर बाळू

एखाद्या संघास शहराचे नाव असले म्हणजे तो संघ त्या शहराचा होतो, अशी एक भोळी समजूत आपल्याकडे रूढ आहे. पुणेकरांच्या या समजुतीस अलीकडे दोन वेळा धक्का बसला. 2010 साली सहारा उद्योगसमूहाने 37 कोटी डॉलर मोजून पुण्याच्या नावाचा क्रिकेट संघ घेतला. 2013 साली तो संघ नामशेष झाला. पुढे 2016 व 2017 या दोन मोसमांपुरता दुसरा संघ आला, त्याचे धनी कोलकात्याचे. त्यांनी 2017 च्या फेब्रुवारीत महेंद्रसिंह धोनी यांचे नायकपद काढून ते स्टीव्ह स्मिथ या ऑस्ट्रेलियन खेळाडूस दिले. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. तो निर्णय योग्य की अयोग्य या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. पुण्याचे नाव लावणाऱ्या संघाचा नायक बदलताना पुण्यास कोणी विचारले नाही, आणि विचारावे असे कोणास वाटलेही नाही, एवढेच येथे नमूद करतो.

ज्याचा पैसा त्याचा शब्द, हा न्याय धंदेवाईक खेळात सर्वत्र चालतो. परंतु ज्या खेळाडूविषयी लोकांत वाद आहे, अशास घ्यावे की दूर ठेवावे, हा प्रश्न आला म्हणजे धन्याच्या शब्दाची खरी परीक्षा होते. अमेरिकेतील फुटबॉलचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. तेथील प्रमुख व्यावसायिक फुटबॉल मंडळात 1934 पासून 1945 पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तशी बंदी नियमांत कोठे लिहिलेली नव्हती; धन्यांचा मूक संकेत तेवढा पुरे झाला. 1946 साली क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिस येथे आला. त्यास जे विशाल क्रीडागार हवे होते ते लोकांच्या करातून उभे राहिलेले होते; तेथे वर्णभेद चालणार नाही, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला. मग केनी वॉशिंग्टन हा खेळाडू संघात आला. राजधानीतील संघाचे धनी जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी तर 1962 पर्यंत हट्ट सोडला नाही. नवे क्रीडागार सरकारी जमिनीवर होते आणि मंत्री स्ट्यूअर्ट युडॉल यांनी 1961 साली ते नाकारण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे बॉबी मिचेल यांस त्या संघाचे दार उघडले. यावरून आमचे मत असे झाले आहे की, धन्याचे मन पालटल्यामुळे दार क्वचितच उघडते. ज्या गोष्टीसाठी धनी दुसऱ्यावर अवलंबून असतो त्या गोष्टीच्या निकडीने ते उघडते. आणि उघडते तेही निकडीपुरतेच.

या सिद्धान्ताचा दाखला शोधण्यास सातासमुद्रापलीकडे जाण्याचे वस्तुतः कारण नव्हते. केनी वॉशिंग्टनच्या पन्नासएक वर्षे अगोदर हेच नाटक पुण्याच्या लष्करी भागात होऊन गेले होते.

पळवणकर बाळू यांचा जन्म धारवाडचा. घराणे कोकणातील पळवण गावचे, जातीने चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीने अस्पृश्य. वडील सैन्यात नोकरीस असल्याने मुलांचे बालपण पुण्यात गेले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात होती. खेळपट्टी झाडावी, तीवर रूळ फिरवावा आणि महिनाअखेर तीन रुपये घ्यावे. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे जाळी बांधणे, चुन्याच्या रेघा मारणे ही कामे होतीच; फावल्या वेळी साहेबांस सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. डाव्या हाताची ती मंद, वळणारी गोलंदाजी पाहता पाहता अशी तयार झाली की, जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज सर्वांच्या अगोदर येऊन तास न् तास तिच्यासमोर उभा राहू लागला. ग्रेगला बाद केले की बाळूंस आठ आणे बक्षीस मिळत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: या क्लबाने बाळूंच्या हाती सहस्रावधी वेळा चेंडू दिला, पण बॅट म्हणून कधी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान; घाम गाळणे हे नोकराचे काम. आमच्या वर्णव्यवस्थेस हसणाऱ्या साहेबाचीही एक वर्णव्यवस्था होती, आणि ती बावीस यार्डांत मावत होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबास या युरोपियनांशी सामना खेळून जिंकावयाचे होते. जिंकण्याचे साधन तर समोरच दिसत होते, पण ते शिवावयाचे कसे? क्लबात दोन पक्ष पडले. काही तेलुगु सभासद बाळूंस घ्यावे म्हणत होते, तर ब्राह्मण सभासद कचरत होते. रामचंद्र गुहा यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या क्रिकेट-इतिहासात हा वृत्तान्त विस्ताराने दिला आहे. त्यात ग्रेगनेच वृत्तपत्रातून हिंदूंस टोला मारला, की असा गोलंदाज हाताशी असून न खेळवणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असे सांगितले आहे. शेवटी बाळूंस बोलावणे गेले. ही उदारता होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. क्लबाच्या चालकांस युरोपियनांवरील जय हवा होता आणि त्याची किल्ली एका चर्मकार तरुणाच्या बोटांत होती.

निकडीची सीमा कोठे संपत होती, हे चहाच्या वेळी दिसे. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे आणि त्याने कोणाचे सोवळे बिघडत नसे. खेळ थांबला की मंडळी आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि ज्याने गडी बाद केले तो बाहेर उभा राहून मातीच्या भांड्यातून घेई. ते भांडे मागाहून फेकून देता येत असे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुण्याचे पाणीसुद्धा क्लबातील अस्पृश्य गड्याने मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यावयाचे. साताऱ्यास युरोपियनांचा पराभव केल्यावर बाळूंची हत्तीवरून मिरवणूक निघाली, आणि पुण्यातील सत्कारात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांस हार घालून, बरोबर खेळता तर बरोबर जेवता का नाही, असे इतर खेळाडूंस सुनावले, असे सांगतात. हत्तीवर बसण्याचा मान मिळाला, पेल्याचा मिळाला नाही. हत्ती वर्षातून एकदा येतो, चहा रोजचा असतो. समाजास पहिला मान देणे नेहमीच सोपे जाते.

1896 साली पुण्यास प्लेग आला आणि बाळू मुंबईस गेले. तेथील हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी कुरकुर केली, पण जिंकण्याची निकड तेथेही तेवढीच होती. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांस 109 धावांनी हरविले तेव्हा बाळूंबरोबर त्यांचे बंधू शिवराम हेही संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाचे कौतुक करताना जिमखान्याने जातीचा अडसर बाजूस सारल्याचा आवर्जून उल्लेख केला.

1911 साली हिंदी संघ इंग्लंडास गेला, तेव्हा धनीपणाचा दुसरा प्रकार दिसला. नायक होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. त्यांस वीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि फार थोड्या सामन्यांत ते प्रत्यक्ष खेळले. बाळूंचे वय पस्तिशीचे; त्यांनी त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले. संस्थानिकाने नायक व्हावे यात कोणास वावगे वाटले नाही, आणि बाळू नायक व्हावेत हे सुचले असते तर सुचविणाराच वेडा ठरला असता. या संस्थानिकी धनीपणाने पुढेही पुष्कळ अनर्थ केले. 1936 साली विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या नायकत्वाखाली गेलेल्या संघातून लाला अमरनाथ यांस बेशिस्तीच्या आरोपावरून दौऱ्याच्या मध्यावरच परत पाठविण्यात आले. मागाहून झालेल्या चौकशीत ते निर्दोष ठरले.

पण आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते नायकपदाविषयी. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचे नायकत्व बाळूंस द्यावे, ही मागणी 1910 नंतर वारंवार होऊ लागली. 1913 साली ते एम. डी. पै यांस मिळाले. पै यांनी मोकळ्या मनाने सांगितले की हा मान बाळूंचा होता. 1920 साली गोष्ट विकोपास गेली. बाळूंस संघातून वगळण्यात आले, आणि नायक पै आजारी पडल्यावर मुसलमानांविरुद्धच्या सामन्यात नायकत्व बाळूंचे बंधू विठ्ठल यांस न देता पुण्याच्या दि. ब. देवधर यांस दिले. देवधरांची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे आणि या प्रकरणी त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. पण विठ्ठल व शिवराम यांचा अनुभव अधिक होता, हेही खरे. दोघा भावांनी वृत्तपत्रातून कारण स्पष्ट सांगून संघातून अंग काढून घेतले.

येथे प्रथमच पारडे फिरले. तोवर जिमखाना ठरवी आणि खेळाडू येई किंवा न येई. आता चांगले खेळाडू जातीच्या अपमानाचे नाव घेऊन घरी बसले, आणि वृत्तपत्रे वाचणाऱ्या लोकांस जिमखान्याची बाजू पटेनाशी झाली. गांधींच्या चळवळीचे ते वर्ष होते. अस्पृश्यतेचा प्रश्न घरोघर पोचला होता. जिमखान्याने माघार घेतली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यास पै परतले, भाऊ परतले, आणि बाळूंस उपनायक करण्यात आले. सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर गेले, ते बाळूंस संघाची सूत्रे हाती घेता यावीत म्हणून. जे जिमखान्याने दहा वर्षांत दिले नाही ते एका सहकाऱ्याने थोड्या वेळापुरते देऊन टाकले.

1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर नायक झाले. युरोपियनांविरुद्धचा अंतिम सामना हिंदूंनी जिंकला आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांस खांद्यांवर उचलून घेतले. बाळू तेव्हा खेळातून निवृत्त झाले होते.