पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात दारिद्र्य आले कुठून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही तरुणांना एक प्रश्न नेहमी विचारतो : आपली माणसे गरीब का? उत्तरे ठरलेली असतात. दारू, आळस, जास्त लेकरे. गेल्या जन्मीचे पाप असे आता कोणी म्हणत नाही. ते उत्तर 1956 च्या धम्मदीक्षेने मोडीत काढले. पण त्याच्या जागी नवे उत्तर येऊन बसले आहे : मेहनत कमी पडली. दोन्ही उत्तरांत दोषी गरीबच. दारूने घरे बुडतात हे आम्ही रोज पाहतो, नाकारत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या राबणारा समाज गरीब का राहिला, हे दारू सांगत नाही. ते इतिहास सांगतो.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्या चालत होत्या त्या मुख्यतः अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस अडला आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीवर गेली. 1867 मध्ये वऱ्हाडातून जाणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ‘शकुंतला’ धावू लागली, तीही प्रामुख्याने कापूस वाहण्यासाठीच. युद्ध संपले, भाव कोसळले. पण सारा आणि सावकाराचे व्याज कोसळले नाही.

1899-1900 च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात हजारो माणसे मेली. रेल्वे होती, बाजारात धान्य आणता येत होते. मजुराच्या हातात पैसा नव्हता. म्हणजे दारिद्र्य संपत्ती नसलेल्या ठिकाणीच जन्मते असे नाही. संपत्ती निर्माण होते, पण ती निर्माण करणाऱ्याची मालकी तिच्यावर नसते, तिथेही ते जन्मते.

जगभर हेच घडले. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पण त्या मुक्त गुलामांना जमीन मिळाली नाही. बहुतेक जण जुन्या मालकांच्याच शेतात वाटेकरी झाले आणि कर्जात अडकले. हैतीच्या गुलामांनी लढून 1804 मध्ये स्वातंत्र्य घेतले, तर फ्रान्सने 1825 मध्ये जुन्या मालकांच्या भरपाईसाठी त्यांच्याकडेच 15 कोटी फ्रँक मागितले. रक्कम पुढे कमी झाली, तरी ती भरण्यासाठी काढलेली कर्जे फिटायला 1947 उजाडले. बेडी तुटली, पण साधने मालकाकडेच राहिली. म्हणून गरिबी टिकली.

आपल्याकडे या सगळ्यावर जातीचे कुलूप होते. सातबारा एकाचा, राबणारे हात दुसऱ्याचे. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला बलुते, वेठ आणि मजुरी आली. वऱ्हाड-नागपूरकडे अनेक महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणत. गिरणीच्या कापडाने तो धंदा बुडवला. मग गिरणीत जावे तर मुंबईत चांगल्या मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद! कारण धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. बाजार गरीब करतो; जात गरिबीतून बाहेर पडायचा दरवाजाच बंद करते.

बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान शेतजमिनींवर लिहिताना दाखवले होते की दुखणे केवळ तुकड्याच्या आकाराचे नाही. भांडवल अपुरे आणि शेतीवर अवलंबून असलेली माणसे जादा, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले, ते यासाठीच.

आज काय आहे? 2006 मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचे पॅकेज आले, त्यात यवतमाळही होते. पण शेतकरी आत्महत्या ‘पात्र’ ठरायला जमीन आणि अधिकृत कर्जाचा कागद लागतो. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचे मरणही यादीत बसत नाही. 2017 मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर गेले. दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फिरणारा मजूर कोणत्या वस्तीतला असतो, हे आम्ही सांगायला हवे का?

म्हणून तरुणांनो, ‘आपले लोक सुधारत नाहीत’ हे वाक्य पहिले टाकून द्या. आपल्या गावात गायरान किती, त्यावर अतिक्रमण कोणाचे, 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून कसणाऱ्या आपल्या माणसांचे पट्टे झाले का, हे तलाठ्याकडे विचारा. भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना 2004 पासून आहे. आपल्या गावात ती किती जणांना मिळाली, ते ग्रामसभेत विचारा. शिक्षण घ्याच, नोकरी मिळवाच. पण एकाच्या नोकरीने वस्ती वर येत नाही. दारिद्र्य माणसांनी घडवले आहे, तेव्हा ते माणसेच मोडू शकतात. मात्र संघटित झाल्याशिवाय नाही.

जय भीम!