झोपेत दात खाणं : दर वेळी जंतच कारण नसतात

रात्री पोरगं झोपेत करकर दात खातं आणि सकाळी घरात निदान होऊन जातं, ‘पोटात जंत झालेत.’ दादी सांगते, अम्मी मेडिकलमधून गोळी आणते. आठ दिवसांनी आवाज पुन्हा सुरू. सोलापुरातल्या कित्येक घरांत हेच चालतं, म्हणून आम्ही इथे या त्रासाची माहिती देत आहोत.

हे नेमकं काय?

वरचे-खालचे दात नकळत घासणं किंवा घट्ट आवळणं याला डॉक्टर ‘ब्रक्सिझम’ म्हणतात. काहींना ते झोपेत होतं, काहींना दिवसा, लूमवर किंवा शिलाई मशीनवर काम करताना. झोपेत होणाऱ्याला स्वतःला पत्ताच नसतो, शेजारी झोपलेल्याला आवाज येतो.

मुलांमध्ये

लहान वयात हे बरंच आढळतं. जंतांमुळेच दात खातात, हे सिद्ध झालेलं नाही. 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी मोफत मिळते. ती जरूर घ्यावी, पण जंतांसाठी. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. मात्र मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर टॉन्सिल वाढलेले असू शकतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मोठ्यांमध्ये

कामाचा, कर्जाचा ताण, अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, तंबाखू-सिगारेट ही नेहमीची कारणं. घोरताना मधेच श्वास अडत असेल तर त्याचाही संबंध असतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे होतं; पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. रमजानमध्ये सहरीसाठी झोप मोडते आणि इफ्तारनंतर चहा वाढतो. ज्यांना त्रास आहे त्यांनी रात्रीचा चहा टाळावा.

कसं ओळखाल?

- सकाळी जबडा आखडतो, कानशिलं दुखतात
- दात सपाट दिसतात, थंड-गरम झोंबतं
- भरलेली सिमेंट किंवा कॅप वारंवार निघते

दातावरचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. मिश्री आणि सुपारीने ही झीज आणखी वाढते.

उपाय

दातांचे डॉक्टर माप घेऊन ‘नाईट गार्ड’ बनवतात. तो रात्री दातांवर बसवायचा. त्याने सवय मोडत नाही, पण दात वाचतात. वाढत्या वयाच्या मुलांना तो डॉक्टरांना न विचारता लावू नये.

दिवसा एक गोष्ट लक्षात ठेवा : ओठ मिटलेले, दात सुटे. घास चावताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकून राहायला नकोत. झोपण्याआधी जबड्याला कोमट शेक द्या, मोबाइल बाजूला ठेवा. दुखतं म्हणून चांगला दात काढून टाकण्याची घाई करू नका.

कुठे दाखवाल?

आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, चौकशी करा. केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे. जाताना झोपेत दात खाण्याचा आवाज ऐकणाऱ्याला सोबत न्या. डॉक्टरांना खरी माहिती त्याच्याकडूनच मिळेल.