विद्यालयाचें दार आणि दोन चित्रकर्त्री

इ. स. १८९५ च्या मार्च महिन्यांत पॅरिस येथें बर्थ मोरिझो ही चित्रकर्त्री निवर्तली. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनीं १८७४ ते १८८६ या काळांत भरविलेल्या आठ प्रदर्शनांपैकीं सातांत तिचीं चित्रें होतीं. कन्याजन्मानंतरचें १८७९ चें तेवढें तिला अंतरलें. असें असूनही मृत्यूच्या दाखल्यांत तिच्या नांवापुढें ‘व्यवसाय नाहीं’ अशी नोंद झाली!

या नोंदीचें मूळ लेखनिकाच्या अज्ञानांत नसून समाजाच्या रचनेंत आहे. पॅरिसचें सरकारी कलाविद्यालय १८९७ पर्यंत स्त्रियांस बंद होतें. बर्थ व तिची बहीण एदमा यांनीं खासगी शिक्षकांकडे, पुढें कोरो या निसर्गचित्रकाराच्या हाताखालीं, ही विद्या संपादिली. १८६९ सालीं एदमेचा विवाह झाला आणि तिचा कुंचला जवळजवळ थांबला. बर्थनें तो खालीं ठेविला नाहीं. कुलीन स्त्रीस रस्त्यांत वा उपाहारगृहांत एकटीनें बसणें शोभत नसे. तेव्हां घर, बाग व आरशापुढील स्त्री हेच तिनें आपले विषय केले. १८७२ मधील ‘पाळणा’ या चित्रांत बाळाकडे पाहणारी माता ती एदमाच होय.

महाराष्ट्राची स्थिति फारशी निराळी नव्हती. धाराशिवचा वाडा असो वा मुंबईची चाळ, उंबऱ्यापुढें रांगोळी रेखणारा हात स्त्रीचाच. परंतु त्या कौशल्यास विद्येची पदवी कोणी दिली नाहीं. या पार्श्वभूमीवर अंबिकाबाई धुरंधर (१९१२–२००९) यांचें महत्त्व ध्यानीं येतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९३१ सालीं मिळविली. ती मिळविणाऱ्या अगदीं आरंभींच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांची शैली दृक्प्रत्ययवादाची नव्हे, यथार्थदर्शनाची. ऐतिहासिक व पौराणिक प्रसंग त्यांनीं मोठ्या निष्ठेनें रंगविले. पित्याच्या चित्रांचा संग्रहही त्यांनीं जपला, आणि ‘माझी स्मरणचित्रें’ हें आत्मवृत्त लिहिलें.

तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. अंबिकाबाईंचे पिता महादेव विश्वनाथ धुरंधर हे स्वतः नामांकित चित्रकार व त्याच कलाशाळेच्या संचालकपदीं बसलेले पहिले भारतीय होते. गुरु घरींच होता. ज्या कन्येच्या घरीं असा गुरु नव्हता, तिला शाळेचें दार उघडें असूनही तें दूरच राहिलें. एका स्त्रीच्या यशाचा गौरव करतांना तिच्यामागें राहिलेल्या अनेक एदमांचें स्मरण ठेवणें, हेंच इतिहासाचें खरें वाचन होय.