मोहाची फुलं आणि बिअरचा ग्लास

परवा पुण्यात मित्रांबरोबर जागेवरच बनवलेली बिअर प्यायलो. काचेपलीकडे चकचकीत टाक्या, समोर मसाला शेंगदाणे. 2009 साली 'डूलाली'पासून पुण्यात हा प्रकार सुरू झाला. मित्र म्हणाला, "आपल्याकडे हे नवीनच."

नवीन कसलं? आमच्या पेण-रोह्याकडे कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर हे पूर्वापार होतं. फाल्गुन-चैत्रात मोह फुलला की फुलं वेचायची, वाळवायची. काही खायची, काही आंबवून गाळायची आणि चारचौघांत बसून प्यायची. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय गाळणाऱ्यांवर बडगा उगारला. तेवढ्यानं भागेना, म्हणून 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधनं घातली. गरिबाचं खाणंही त्यात आलं. सरकारला काळजी होती ती महसुलाची.

दारूचं कौतुक मला नाही. तिच्यापायी बुडालेली घरं मी पाहिली आहेत. पण लहानपणी रोह्याजवळच्या एका वाडीवर धाड पडली होती. फुटलेल्या मडक्यांशेजारी एक म्हातारी गप्प बसली होती. आम्ही पोरं हसलो होतो.

परवा बिल भरताना ते हसणं आठवलं. फरक फक्त परवान्याचा. असो.