‘मराठी भाषेच्या शिवाजी’ची इंग्रजी शाळा

१/ जानेवारी १८८०. पुण्यात एक खासगी शाळा उघडली. संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर, ‘निबंधमाले’तून मराठीचा कैवार घेणारे. त्यांना ‘मराठी भाषेचे शिवाजी’ म्हणत. शाळेचे नाव मात्र न्यू इंग्लिश स्कूल! असे का?

२/ कारण मॅट्रिक. मुंबई विद्यापीठाची ही परीक्षा इंग्रजीतून होई. इतिहास असो वा गणित, इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हते आणि मॅट्रिकवाचून कॉलेजचे दार उघडत नव्हते.

३/ दार बदलणे हाती नव्हते. किल्ली कोणी द्यावी, हे ठरवता येत होते. चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली होती. टिळक प्रारंभापासून सोबत होते. पुढे वामन शिवराम आपटे आणि आगरकर आले. भाषा राज्यकर्त्यांची, पण शाळा स्वतःची.

४/ हे शिक्षक इंग्रजीपाशी थांबले नाहीत. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तेथे आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम केले. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ म्हणून प्रसिद्ध झाले. आपट्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ चा.

५/ चिपळूणकर १८८२ मध्येच, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी निवर्तले. शाळेतून डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) आणि फर्ग्युसन कॉलेज (१८८५) उभे राहिले.

६/ तरी एक प्रश्न उरलाच. ज्याला इंग्रजी झेपले नाही, तो हुशार मुलगा गणित येत असूनही दाराबाहेरच राहिला. किल्ली स्वदेशी झाली. कुलूप तेच होते.