किनारा जवळ आल्याची खूण

समुद्रसाप म्हटला की आज त्याचे विष तेवढे आठवते. पण दोन हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्र ओलांडणाऱ्या नाखव्यांसाठी तो किनारा जवळ आल्याची खूण होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण ही बंदरे येतात, तसे सापही येतात: कच्छच्या आखाताजवळ मोठे, काळे; भडोचकडे लहान, हिरवे, सोनेरी झाक असलेले. ही दर्यावर्द्यांची भाकडकथा, असे कोणी म्हणेल. पण भाकडकथेतला साप नुसता वाढत जातो. इथे किनारा बदलला की आकार आणि रंग बदलतो. ही डोळ्यांनी पाहणाऱ्याची नोंद आहे, आणि तिला निसर्गाचा आधारही आहे. समुद्रसापाला श्वासासाठी वर यावेच लागते आणि बहुतेक जाती तळाशी भक्ष्य शोधतात, म्हणून त्यांना उथळ पाणी मानवते.

पिवळ्या पोटाचा समुद्रसाप भर समुद्रातही तरंगत असतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरी काळ्या पाठीचा तो साप भडोचच्या हिरव्या-सोनेरी वर्णनाशी जुळत नाही. किनाऱ्याजवळचे साप तर आजही भेटतात; मालवणच्या मच्छीमारांच्या जाळ्यात चोचीसारख्या तोंडाचा समुद्रसाप येतो: वल्ह्यासारखी चपटी शेपटी आणि अनेकदा पोटात काटेरी शिंगाळा.