समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेता येते का? ऑफ-रोडिंगचे कायदे, नकाशे आणि भरतीचं गणित

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची पौर्णिमा, संध्याकाळचे साडेपाच. मी आणि माझा मावसभाऊ त्याची नवीकोरी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला पोहोचलो. देवळाच्या पायऱ्यांवरून पाहिलं तर पुळण लांबच लांब, घट्ट आणि ओली. मोबाइलच्या नकाशावर पाण्यापर्यंत जाणारी एक तुटक रेषही दिसत होती. मग काय, घातली गाडी खाली.

अर्ध्या तासात मागची चाकं वाळूत रुतली. जाळं आवरणारे एक काका जवळ आले आणि म्हणाले, "आज पुनव. पाणी खंयपर्यंत येतला, म्हायत आसा तुमका?" आम्हाला ठाऊक नव्हतं. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत सव्वाआठ वाजले, आणि तोवर लाटा चाकांना लागत होत्या. गाडी वाचली, पण त्या संध्याकाळी आमच्या किती गोष्टी चुकल्या ते नंतर हळूहळू कळलं. हा लेख त्याबद्दलच आहे.

नकाशावर रेषा आहे म्हणजे परवानगी आहे का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशात 'ट्रॅक' किंवा 'पाथ' म्हणून दिसणारी रेषा एवढंच सांगते की जमिनीवर तिथे वाट आहे. तिथे वाहन न्यायची मुभा आहे की नाही, याची नोंद वेगळ्या टॅगमध्ये असते ('अ‍ॅक्सेस', 'मोटर व्हेइकल'), आणि आपल्याकडच्या बहुतेक वाटांना हे टॅग कोणी भरलेलेच नसतात. कोणीतरी अपलोड केलेली जीपीएक्स फाइलही तेवढंच सांगते की एक माणूस तिथून गेला होता. त्याने कोणाला विचारलं होतं का, हे त्यात नसतं.

अमेरिकेत याच्या उलट पद्धत आहे. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून सरकारी जमिनींवर ऑफ-रोड वाहनं कुठे चालतील आणि कुठे नाही, हे ठरवायला सांगितलं. २००५ च्या नियमानंतर तिथल्या प्रत्येक राष्ट्रीय वनक्षेत्रासाठी वाहनांच्या वाटांचा अधिकृत नकाशा निघू लागला आणि तो फुकट मिळतो. सूत्र सोपं आहे : नकाशावर दाखवलेली वाट खुली, न दाखवलेली बंद.

आपल्याकडे असा एकत्रित नकाशा नाही. त्यामुळे हे काम आपल्यालाच तुकड्यातुकड्याने करावं लागतं.

आधी जमीन कोणाची ते पाहा

- खाजगी जमीन : राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा' संकेतस्थळावर गाव निवडून गट नंबर पाहता येतो आणि त्यावरून सातबारा काढता येतो. कोकणात कातळसडाही बहुतेक वेळा कोणाच्या तरी नावावर असतो. मोकळा दिसतो म्हणून तो सार्वजनिक होत नाही.
- वनजमीन : भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना घुसणं गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. कुणकेश्वरच्या दक्षिणेला मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे.
- किनारा : भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधला पट्टा २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत 'एक-बी' वर्गात येतो. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा 'एक-ए' वर्गात, म्हणजे सर्वात संवेदनशील. सक्रिय वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करायला मनाई आहे.

"पुळण रस्ता थोडीच आहे, तिथे कसला वाहतूक कायदा?" असंही वाटतं. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मधली 'सार्वजनिक जागे'ची व्याख्या फक्त रस्त्यापुरती नाही. लोकांना जिथे जायचा हक्क आहे, अशी कुठलीही जागा तिच्यात येते. म्हणजे लायसन्स, नोंदणी, विमा सगळं लागतं आणि बेदरकार चालवल्याचं कलम १८४ ही लागू शकतं. शेजारच्या गोव्यात पर्यटन खात्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात किनाऱ्यावर गाडी चालवण्याला ५ हजार ते ५० हजार रुपये दंड ठेवला होता.

विम्याचंही ऐकून ठेवा. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर लागतं, आणि त्याच्या अटीही वाचाव्या लागतात.

पौर्णिमेची संध्याकाळ फसवी का?

आपल्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. यावरूनच जुना हिशेब आला : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा.

त्यात सहा तास मिळवा. पौर्णिमा-अमावस्येची ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला येते, नेमकी पर्यटक सूर्यास्त बघायला येतात तेव्हा. त्यातून हे दिवस उधाणाचे. ओहोटीला पाणी सगळ्यात आत जातं, पुळण सगळ्यात रुंद दिसते आणि रात्रीची भरती सगळ्यात वर येते.

पाणी एकाच वेगाने चढतही नाही. ढोबळ नियम बारा भागांचा आहे : सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग. म्हणजे निम्मी भरती तिसऱ्या आणि चौथ्या तासात येते. साडेपाचच्या ओहोटीनंतर साडेसातला पाणी जोर धरतं, तेव्हा काळोख झालेला असतो. उतार समजा ५० ला १ असेल, तर पाणी एक मीटर चढलं की ५० मीटर आत येतं.

चाकं का रुतली?

ओल्या वाळूच्या कणांमधलं थोडं पाणी कणांना एकमेकांशी धरून ठेवतं, म्हणून ती घट्ट लागते. पूर्ण कोरडी वाळू सुटी असते, आणि पाण्याने गच्च भरलेली वाळू वजनाखाली पातळ होते. आम्ही त्या तिसऱ्या प्रकारात शिरलो होतो. वाळूवर चालवणारे टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, त्याने टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. आमच्या टायरमध्ये ३२ होती.

मग हौस भागवायची कुठे?

जिथे परवानगी स्पष्ट आहे तिथे. केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाडला सुमारे चार किलोमीटरच्या किनाऱ्यावर गाडी चालवायला मुभा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर परमिट घ्यावं लागतं, किनाऱ्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास टाळायला सांगतात. महाराष्ट्रात खाजगी जागेवरचे ऑफ-रोड ट्रॅक आहेत. पैसे भरावे लागतात, पण सोबत रिकव्हरीची गाडी आणि माहीतगार माणूस असतो.

कुणकेश्वरला मात्र माझा सल्ला सरळ आहे : गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा आणि पुळणीवर चालत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत खाली गेलो. खालचे टायरचे माग भरतीने पुसून टाकले होते. वरचे, मर्यादवेलीतून गेलेले, तसेच होते. हीच वेल वाळू धरून ठेवते. इथून दक्षिणेला, मिठबावच्या पुढे तांबळडेगला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. दीडेक महिन्याने पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्याकडे चालू लागतात. त्यांच्यासाठी टायरचा एक खोल माग म्हणजे भिंत असलेली चर असते.

जाळंवाले काका तिथेच होते. त्यांनी मागांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता कामाला लागले.